देवाला 'तू' म्हणायचं आणि मानही राखायचा: सोलापुरात उपासनेला नव्यानं येणाऱ्यांसाठी

रविवारी सकाळी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दाराशी उभं राहायचं, येईल त्याला 'जय ख्रिस्त' म्हणायचं, गीतांचं पुस्तक हातात द्यायचं आणि जागा दाखवायची, हे काम गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. नवा माणूस मला लांबूनच ओळखू येतो. तो पायरीपर्यंत येतो, आत डोकावतो, मग स्वतःच्या पायांकडे बघतो आणि विचारतो, "मावशी, चप्पल इथंच काढू का ओ?"

चपलेचं सांगतेच पुढे. पण ज्याला हा प्रश्न पडला, त्याला अर्धं आधीच कळलेलं असतं. आपण कुणाच्या तरी घरात पाऊल टाकतोय, एवढं त्याच्या पायांना ठाऊक असतं.

उरलेलं अर्धं कसं चुकतं, तेही सांगते. वसतिगृहात राहणारा एक मुलगा आमच्या घरसभेला यायला लागला. एका संध्याकाळी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्र्यांनी, त्याला प्रार्थना करायला सांगितलं. बिचारा घाबरला, डोळे मिटले आणि सुरू झाला, "हे परमेश्वरा, आपणांस नम्र विनंती करण्यात येते की…" माझ्या शेजारच्या आजी डोळे न उघडताच म्हणाल्या, "लेका, बापाशी बोलतोयस का तहसीलदाराशी?" सगळे हसले, तोही हसला, आणि मग नीट बोलला.

मराठीत साहेबाला 'आपण' म्हणतात, पाहुण्याला 'तुम्ही', आणि आईला व देवाला 'तू'. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण 'तुझे नाव पवित्र मानले जावो' असंच म्हणतो. 'तुझे' आणि 'पवित्र' एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसलेत. इथून ७०-७५ किलोमीटरवरच्या पंढरपुरात नामदेव-जनाबाईंनी विठ्ठलाला 'तू' म्हणून हाक मारली, त्याच्याशी भांडण केलं, आणि त्यात कुणाला उणेपणा दिसला नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. त्यांची भजनं आम्ही अजून पेटी-तबल्यावर म्हणतो, त्यांतही हीच जवळीक आहे.

मान सर्वनामात नाही म्हटल्यावर तो दुसरीकडे कुठंतरी दिसायला हवा. तो कुठं दिसतो, ते शनिवारपासून सुरू करू.

शनिवारी रात्री

कपडे इस्त्री करून ठेवा, हे सांगायला मी कशाला हवी? स्वच्छ आणि अंगभर असले की झालं. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो तेव्हा सुती कपड्यांसारखं काही नाही. लग्नातला कोट घालून घामानं भिजत बसलेला माणूस बघितला की माझंच लक्ष उपदेशातून उडतं.

शनिवारचं खरं काम वेगळंच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, की अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. तुमच्या मनात काही आहे का, एवढंच तो विचारत नाही. त्याच्या मनात काही आहे का, हेही विचारतो. म्हणून भांडलेल्या जावेला किंवा भावाला रात्री एक फोन करा. त्यानं उचलला नाही तरी केलेला बरा. रविवारी सकाळी ऐन घाईत हे जमत नाही, मी करून बघितलंय.

दुसरं काम दानाचं. नोट शनिवारीच काढून पाकिटात वेगळी ठेवा. आमच्याकडे थैली फिरते, आणि दर रविवारी तीत हमखास एखादी अशी नोट निघते जी भाजीवाल्यानं, रिक्षावाल्यानं, किराणावाल्यानं, सगळ्यांनी परत केलेली असते. मलाखी संदेष्ट्याच्या काळात लोक आंधळी, लंगडी जनावरं अर्पण करायचे. तेव्हा देव त्यांना विचारतो, हेच आपल्या सुभेदाराला देऊन बघ बरं, तो खूश होईल का? दहाची असो, पण धड द्या. आणि खिसा खरंच रिकामा असेल तर थैली शांतपणे पुढं सरकवा. तिथं कुणी हिशेब ठेवत नाही.

दारात

आता चप्पल. शहरातल्या बाकं असलेल्या जुन्या चर्चमध्ये बहुतेक लोक चपला-बूट घालूनच बसतात, आणि त्यात अपमान नाही. सतरंजीवर बसायचं असेल, घरसभा असेल, तर बाहेर काढायच्या. दाराशी चपलांचा ढीग दिसला तर काढा, नाही दिसला तर सरळ आत या. काही जण वेदीजवळ जाताना काढतात, ते बघून तुम्हालाही काढाव्याशा वाटल्या तर जरूर काढा. मोशेला देवानं पायांतले जोडे काढायला सांगितले ती जागा म्हणजे काही मंदिर नव्हतं. मेंढरं चारायचं रान होतं आणि एक जळतं झुडूप होतं. देव तिथं होता, म्हणून ती भूमी पवित्र.

फोन बंद करा, निदान आवाज तरी बंद. शास्त्र, म्हणजे बायबल, फोनमध्ये वाचणाऱ्यांवर माझा राग नाही, पण त्याच पडद्यावर वरून मेसेज टपकला की डोळा तिकडे जातोच. म्हणून पहिले काही महिने छापील पुस्तक घ्या म्हणते.

उशीर झाला तर? होतो. आत प्रार्थना किंवा शास्त्रवाचन चालू असेल तर दारातच थांबा, गीत सुरू झालं की शिरा. बऱ्याच जुन्या मराठी मंडळ्यांत बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात. काही ठिकाणी कुटुंब एकत्र बसतं. वयस्क बायका प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर घेतात, तरुण मुली ओढणी घेतात किंवा घेत नाहीत. हे डोळ्यांनी बघून शिकायचं असतं, कुणी टोकलं तर मनाला लावून घ्यायचं नसतं.

जागेबद्दल मात्र मी कडक आहे. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला 'या, इथं बसा' आणि मळक्या कपड्यातल्याला 'तू तिथं उभा राहा' म्हणणाऱ्या मंडळीची चांगली खरडपट्टी काढलीय. त्यांच्याकडे पंखे नव्हते. आमच्याकडे आहेत, आणि सगळं भांडण पंख्याखालच्या जागेचं आहे. तुम्ही नवे आहात, तुम्हाला ती जागा मिळेल. पुढच्या रविवारी ती दुसऱ्याला द्या.

लहान मुलं रडतील. रडू द्या. फारच झालं तर घेऊन बाहेर चक्कर मारा आणि परत या. मुलाच्या रडण्यानं देवाचा अवमान होतो असं मानणाऱ्यांनी येशूनं पोरांना जवळ घेतलं ती गोष्ट पुन्हा वाचावी.

उभं कधी, बसायचं कधी, गुडघे कधी

इथं नवा माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो, आणि चूक त्याची नसते. सोलापुरातच एका चर्चमध्ये लोक गुडघे टेकतात, दुसऱ्यात जागेवर बसून मान खाली घालतात, तिसऱ्यात हात वर करतात. याला कारण आहे. आपल्या भागात जुनं काम अमेरिकन मराठी मिशनचं. ही मंडळी १८१३ साली मुंबईत आली आणि पुढे नगर, सोलापूर असं पसरत गेली. त्यांची रीत साधी होती, मेणबत्त्या-झगे फारसे नाहीत, सगळा भर वचनावर. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, मेथडिस्ट होते. सगळ्यांचे गुडघे काही एकाच वेळी वाकत नव्हते. कॅथलिकांची शिस्त आणखी वेगळी. तिथं आत शिरताना पवित्र पाण्यात बोट बुडवून क्रुसाची खूण करतात, आणि जिथं प्रभुभोजनाची पवित्र भाकर ठेवलेली असते, शेजारी दिवा तेवत असतो, त्या पेटीसमोर उजवा गुडघा जमिनीला टेकवतात.

नव्यानं आलेल्यानं एवढंच करावं: तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसावं, म्हणजे पुढचे लोक दिसतात, आणि ते उभे राहिले की उभं राहावं. शुभवर्तमानाचं वाचन होताना अनेक चर्चमध्ये उभे राहतात. क्रुसाची खूण तुम्हाला परकी वाटत असेल तर करू नका, नुसतं शांत उभं राहिलात तरी पुरे. गुडघे दुखत असतील तर बसा.

एक बारीकशी फजिती टाळा. प्रभूची प्रार्थना म्हणताना प्रोटेस्टंट मंडळी 'आम्हांला वाइटापासून सोडव' झालं की न थांबता 'कारण राज्य, पराक्रम व गौरव' म्हणतात. कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, तिथं सगळे थांबतात, फादर पुढची प्रार्थना म्हणतात आणि मग ती ओळ येते. माझ्या नणंदेच्या चर्चमध्ये मी एकटीच खणखणीत आवाजात 'कारण राज्य' म्हणून मोकळी झाले होते.

तोंडानं बोलताना

'आमेन' हा हिब्रू शब्द, 'तसंच असो, हे खरं आहे' असा. म्हणजे ती सही झाली. दुसरा प्रार्थना करतो तेव्हा ऐका, पटलं तर आमेन म्हणा. कागद न वाचता सही ठोकायची सवय बँकेत वाईट, तशी इथंही.

स्वतः प्रार्थना करायची वेळ आली तर थोडकी करा. उपदेशकाच्या पुस्तकात पाचव्या अध्यायात सांगितलंय, की देवाच्या घरी जाताना पाऊल जपून टाक, देव स्वर्गात आहे आणि तू पृथ्वीवर, म्हणून तुझे शब्द मोजके असू देत. आमच्याकडे काही जण प्रत्येक चौथ्या शब्दाला 'प्रभू', 'प्रभू' म्हणतात. मनापासून येतं तेव्हा ते गोड लागतं, पण पुढचं वाक्य सुचेपर्यंत जागा भरायला देवाचं नाव वापरणं बरं नव्हे. तुमच्या आईला कुणी बोलता बोलता दर चार शब्दांनी हाक मारली तर ती ओ तरी किती वेळा देईल? तसंच देवाला हुकूम सोडल्यासारखं ओरडणं. स्पीकरचा आवाज वाढवला की देवाला जास्त ऐकू जातं, असं मला वाटत नाही. शेजारच्या गल्लीतल्या दहावीच्या पोराला मात्र नक्की जातं.

प्रभुभोजन

इथं थोडी सावकाश सांगते, कारण आदर म्हणजे काय हे या मेजापाशी सगळ्यात स्पष्ट दिसतं.

बाप्तिस्मा झाला नसेल तर भाकर आणि प्याला घेऊ नका. बऱ्याच मंडळ्यांत दृढीकरणानंतरच, म्हणजे मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीनंतरच, देतात, आणि कॅथलिक चर्चमध्ये फक्त कॅथलिकांना. जागेवर बसून राहणं लाजिरवाणं नाही. काही ठिकाणी पुढे जाऊन हात छातीशी जोडून ठेवले की नुसता आशीर्वाद देतात. आधी पाळकांना विचारून ठेवा. प्रसाद वाटताना सगळ्यांना देतात, नाकारलं तर वाईट दिसतं, ही आपल्याकडची सवय नव्या माणसाला इथं अडचणीत टाकते. वाढणाराच संकोचून देऊन टाकतो, मग दोघंही चुकल्यासारखे होतात.

घेणाऱ्यांसाठी: कॅथलिकांमध्ये आधी तासभर काही खायचं नाही, पाणी आणि औषध चालतं. भाकर हातावर घेत असाल तर चिमटीत उचलू नका. यरुशलेमचा बिशप सिरिल याच्या नावावर असलेल्या चौथ्या शतकातल्या शिकवणीत, नुकताच बाप्तिस्मा झालेल्यांना सांगितलंय की डाव्या हाताचं उजव्या हाताला सिंहासन करा, त्यावर राजा येतोय. तीर्थ घेताना आपण उजव्या हाताखाली डावा धरतो, तसंच काहीसं. आमच्या सोलापूरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, हात आपोआप तसे होतात.

'अयोग्य रीतीनं' भाकर खाऊ नका असं प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला पहिल्या पत्रात लिहितो, आणि हे वाक्य ऐकून कित्येक भाबडी माणसं वर्षानुवर्षं मेजापासून दूर राहतात. मी पापी आहे, मी कसा घेऊ? पण त्या पत्राचा अकरावा अध्याय आधीपासून वाचा. करिंथात झालं काय होतं? काही जण आधीच येऊन खाऊन-पिऊन घ्यायचे, नशेत असायचे, आणि गरीब येईपर्यंत काही उरायचं नाही, ते उपाशी बसायचे. पौलाला राग आला तो या गोष्टीचा. शेवटी तो उपाय सांगतो तोही साधा आहे: जेवायला जमता तेव्हा एकमेकांसाठी थांबा. पाळी संपवून दमून येणाऱ्या कामगारासाठी थांबायचं, एवढं. प्रभूच्या देहाचा मान राखायचा म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या उपाशी माणसाचाही राखायचा, हे पौलानं एकाच श्वासात सांगितलं. हे मला कळायला चाळिशी उलटली.

उपासना संपली की लगेच गाडीकडे धावू नका. पाच मिनिटं थांबा, शेजारच्याचं नाव विचारा. आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड सगळं एका गल्लीत नांदतं. आमच्या मंडळीत एक आजी गीत मराठीत गातात आणि प्रार्थना तेलुगूत पुटपुटतात. त्यांच्याशी बोलायला भाषा लागत नाही, हात हातात घेतला की पुरतं.

घरात

शास्त्राचं पुस्तक जमिनीवर ठेवू नये, त्यावर चहाचा कप ठेवू नये, हे घरातली पोरं बघून शिकतात. पण मखमली कापडात गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं आणि वर्षभर उघडलं नाही, तर मान झाला तो कापडाचा. उशाखाली ठेवलं की वाईट स्वप्नं पडत नाहीत, असल्या कल्पनांनाही थारा देऊ नका. पंडिता रमाबाईंनी म्हातारपणी, मूळ भाषा शिकून, बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी वर्षानुवर्षं घालवली. ते केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापलं गेलं. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या. शिकलेली नसलेली बाईसुद्धा समजून घेईल असं ते असावं, हा त्यांचा ध्यास. तेव्हा वाचा. पेन्सिलीनं खुणा केल्या तरी चालतील. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा, सगळ्यात छोटं आहे.

'देवाचं नाव व्यर्थ घेऊ नकोस' ही आज्ञा प्रोटेस्टंट मोजणीत तिसरी आणि कॅथलिक मोजणीत दुसरी येते. तिचा पहिला मार पडतो तो 'देवाशपथ' या शब्दावर. पेठेत तीनशेची चादर पाचशेला विकताना जी देवाशपथ निघते, तिची गोष्ट करतेय मी. येशूनं सरळ सांगितलंय, तुमचं बोलणं हो तर हो, नाही तर नाही एवढंच असावं. पुढच्या आठवड्यात आपण किती वेळा शपथ घेतो ते नुसतं मोजा, मी मोजलं तेव्हा चांगलीच चपापले होते. मग गाडीवरचं नाव आठवा. पाठीमागे मोठ्या अक्षरांत 'येशू तारतो' लिहून सात रस्ता चौकात सिग्नल तोडलात, तर मागच्या माणसानं तुमच्याबद्दल काय म्हणायचं? आणि कुणाबद्दल?

कामावर आणि रस्त्यात

नीतिसूत्रांच्या चौदाव्या अध्यायात एकतिसावं वचन आहे. गरिबावर जुलूम करणारा आपल्या उत्पन्नकर्त्याचा अपमान करतो, आणि दुबळ्यावर दया करणारा त्याचा सन्मान करतो. सन्मान हाच शब्द. रविवारी आपण जो शब्द गीतात गातो, तोच इथं मजुरीच्या वहीत लिहिलाय.

घरात धुणं-भांड्याला बाई येत असेल तर तिचा पगार तारखेला द्या, तिला मागायला लावू नका. यंत्रमागावर चार माणसं असतील, विडीचं काम घरी देत असाल, तर हिशेब त्यांच्यासमोर करा आणि माल छाट म्हणून बाजूला काढताना हात आखडता घ्या. बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात मजुराचे पैसे सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितलंय, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यावर लागलेला असतो. तुम्ही स्वतः मजूर असाल तर पौलानं कलस्सैच्या मंडळीला लिहिलेलं वाचा: जे काही करता ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. टॉवेलची किनार सुटली तर मालकाला कळणार नाही कदाचित, गाठ मारा.

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते, नंदीध्वजांची मिरवणूक निघते, सगळं गाव रस्त्यावर असतं. नवे विश्वासणारे विचारतात, आम्ही काय करायचं? मिरवणूक समोरून येत असेल तर गाडी बाजूला घ्या, हॉर्न वाजवू नका, आणि थट्टा तर मुळीच नको. आपण नमस्कार करत नाही, तो आपल्या विश्वासाचा भाग झाला. पण दुसऱ्याच्या दैवताला नावं ठेवून आपल्या देवाचा मान वाढत नाही. इफिस शहरात पौलाच्या सोबत्यांना धरून लोकांनी मोठा दंगा केला, तेव्हा तिथल्या नगरलेखकानंच उभं राहून सांगितलं, की ही माणसं आपल्या देवीची निंदा करणारी नाहीत. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे ते. शेजारणीनं तिळगूळ दिला तर हसून घ्या, गोड बोला, आणि नाताळात करंज्यांचं ताट तिच्याकडे पहिलं जाऊ द्या.

रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेचं तेवढं राहिलं. वेळ अशी ठरवा जी सगळ्यांना जमेल, आमच्याकडे साडेनऊ. एक छोटा शास्त्रपाठ, एखादं कडवं, आणि प्रार्थना आळीपाळीनं. धाकट्याची पाळी आली की तो काहीही मागतो, एकदा त्यानं भारत सामना जिंकावा म्हणून मागितलं होतं. मागू द्या, दुरुस्त करू नका. फक्त प्रार्थना चालू असताना टीव्ही नुसता मूक करू नका, बंद करा, नाहीतर सगळ्यांचा एक डोळा उघडा राहतो.